बोडख्यावरचे दहा चौकोन

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की चार-आठ दिवसांत बोरतळ्याची वरची वस्ती रिकामी होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, डालग्यातल्या कोंबड्या, बाजा आणि पोरंबाळं भरून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे निघतात. मागे उरतात ती म्हातारी माणसं, दारांची कुलपं आणि कुत्री. सहादेव बत्तीस वर्षं त्या ट्रॉलीत बसून गेला. तेहतिसाव्या वर्षी मात्र तो गेला नाही. आदल्या हंगामात, कागलकडच्या एका फडात, त्याची बायको छबूबाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना खाली पडली आणि उठलीच नाही. ज्या गावाचं नावही त्याला धड माहीत नव्हतं, तिथल्या ओढ्याकाठी त्याने तिला अग्नी दिला. टोळीने एक दिवस काम बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत कोयते चालू झाले, आणि सहादेवनेही कोयता हातात घेतला, कारण दुसरं करायचं काय हे त्याला कळेना.

गावी परतल्यावर मात्र तो म्हणाला, "आता म्या न्हाई यायचो." मुलगा कल्याण आणि सून पूजा पुढच्या वर्षीपासून दोघंच जायला लागले. सहादेव घरी राहिला. दोन एकर कोरडवाहू, एक म्हैस, आणि भिंतीला भिंत लागून धाकट्या भावाचं, श्रीमंतचं घर. श्रीमंतच्या चाळीस शेळ्या होत्या, त्यामुळे त्याला कधी ऊसतोडीला जावं लागलं नाही. श्रीमंतची बायको दगडाबाई दुपारी भिंतीवरून कोरड्यासाची, भाकरीसोबतच्या भाजी-आमटीची, वाटी द्यायची, आणि पुतणी आरती, जिला छबूबाईने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, शाळेतून आल्यावर चुलत्याच्या ओट्यावर अभ्यासाला बसायची. एवढ्यावर सहादेवचे दिवस जात होते.

वस्तीच्या मागे लागूनच डोंगर आहे. त्याला सगळे बोडखा म्हणतात. गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी मात्र त्याचं नाव धावड्याचा डोंगर. रान वनखात्याचं. खात्याने तिथे तीनदा रोपं लावली, तिन्ही वेळा ती उन्हाळ्यात वाळून गेली. कागदावर तो डोंगर तीनदा हिरवा झाला होता.

दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत गावच्या मारुतीसमोर सभा भरली. जामखेडची पंकजा नावाची मुलगी, एका संस्थेत काम करणारी, ती सगळं समजावून सांगत होती. उजाड झालेली जंगलं परत उभी करायला काही देश एकत्र आले आहेत. पैसा युरोपातल्या एका देशाचा, शिकवणारी माणसं आफ्रिकेतली, डोंगर वनखात्याचा आणि राखण गावाची. गावाला वाटलं होतं की गोरे साहेब येतील. जीपमधून उतरली ती पन्नाशीची उंच, काळीसावळी बाई. अंगावर पांढरी सुती ओढणी, तिला रंगीत काठ. इथिओपिया देशाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातून ती आली होती आणि तिचं नाव होतं मिहरेत. दगडाबाईने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

"मीराताई म्हना की सरळ," ती म्हणाली. तेव्हापासून गावात तेच नाव झालं.

मीराताई भाषणाला बसली नाही. डोंगर बघायचा म्हणाली. दहा-बारा जण तिच्यामागून चढले. अर्ध्या वाटेवर, जिथे सगळ्यांना नुसता मुरूम आणि कुसळी गवत दिसत होतं, तिथे ती एकदम खाली बसली. जमिनीलगत वीतभर उंचीचं एक झुडूप होतं, शेळ्यांनी कुरतडून गोल केलेलं. तिने बोटांनी माती उकरली. खाली मांडीएवढा जाड खुंट निघाला.

"किती वर्षांचं आहे हे झाड?" तिने विचारलं. पंकजाने मराठीत सांगितलं.

बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. सहादेव म्हणाला, "झाड कसलं, खुंट हाय धावड्याचा. म्याच तोडलाय त्यो. बहात्तरच्या दुष्काळात, बाबासंगं. मोळ्या बांधून जामखेडच्या बाजाराला न्यायचो."

पंकजा जरा घुटमळली, मग तिने ते इंग्रजीत सांगितलं. मीराताई सहादेवकडे बघून काहीतरी बोलली.

"त्या म्हणताहेत," पंकजा म्हणाली, "मग कुठला खुंट कुठे आहे ते तुम्हालाच सगळ्यात चांगलं माहीत असणार."

लोक हसले. सहादेवला हसू आलं नाही. ते खरं होतं.

मीराताईने विळा मागून घेतला. त्या खुंटाला वीसेक धुमारे होते. त्यातले तीन सरळ तिने ठेवले, बाकी छाटून टाकले. झाड लावायची गरज नाही, ती म्हणाली, मुळं जिवंत आहेत. दरवर्षी धुमारे फुटतात, दरवर्षी शेळ्या खातात. शेळ्या आणि कुऱ्हाड पाच वर्षं लांब ठेवा, आणि एका खुंटाला दोन-तीनच फांद्या राखा. आमच्याकडे असे डोंगरच्या डोंगर परत उभे राहिले आहेत.

ग्रामसभेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला. श्रीमंतनेही सही केली. ठराव होतात आणि विरून जातात, हे त्याला माहीत होतं. प्रकल्पाच्या पगारावर राखणदार म्हणून सहादेवचं नाव निघालं. तोडणाऱ्यालाच राखणीला बसवलं म्हणून चावडीवर चार दिवस चेष्टा झाली.

मीराताई आठ दिवस राहिली. तिने आणि सहादेवने मिळून डोंगरावर दहा चौकोन आखले. प्रत्येक चौकोन दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. चार कोपऱ्यांना दगडांचे ढीग, त्यांना चुना. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक चौकोनातले जिवंत खुंट मोजायचे, ठरवलेल्या पाच खुंटांची उंची खुणा केलेल्या बांबूने घ्यायची, जाडी टेपने, आणि वहीत लिहायचं. सहादेव चौथी शिकलेला. आकडे त्याला येत होते. महिन्याच्या पानाचा फोटो काढून मीराताईच्या नंबरावर पाठवायचा, हे पंकजाने त्याला कल्याणच्या जुन्या मोबाईलवर शिकवलं. पाठवला की दोन खुणा उमटायच्या आणि तासाभरात त्या निळ्या व्हायच्या. मग तिकडून एक हिरवं पान यायचं. तेवढंच. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

पहिल्या पावसाळ्यानंतर धावडा कमरेला लागला. मीराताई ऑगस्टात एकदा येऊन गेली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात परत आली. सहादेव तिच्यासोबत दिवसभर हिंडायचा. ती तिच्या भाषेत बोलायची, तो त्याच्या. पंकजा दमून सावलीला बसली तरी त्यांचं काही अडायचं नाही. तिच्याकडेही ज्वारी पिकते, तिच्याकडेही माणसं कामाला परमुलखात जातात, हे त्याला कळलं होतं. छबूबाई गेल्यापासून इतका वेळ कुणाच्या सोबत तो चालला नव्हता.

पण त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये एक गोष्ट घडून गेली होती.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा कडक होता. चारा छावण्या गुरांसाठी होत्या, शेळ्यांना तिथे कोण घेणार. एप्रिलच्या एका दुपारी सहादेव चौथ्या चौकोनापाशी आला तर श्रीमंतच्या शेळ्या आत. मागच्या पायांवर उभ्या राहून धावड्याचे शेंडे ओढत होत्या. श्रीमंत दगडावर बसून तंबाखू मळत होता.

"बाहेर काढ," सहादेव म्हणाला.

"काढतो की. दोन घास खाऊ दे."

"श्रीमंता, तुजी सही हाय ठरावावर."

"सही हाय. पर शेळ्यांस्नी कुठं वाचता येतं?" श्रीमंत हसला. मग त्याचा आवाज बदलला. "दादा, मरत्याल रं ही जनावरं. तुला त्या बाईचं झाड महत्त्वाचं का माज्या घरातली चूल?"

त्याने सकाळीच वरच्या वाडीच्या एका धनगराला परत पाठवलं होतं. त्याला अडवायचं आणि भावाला सोडायचं, हे कसं जमणार? त्याने काठी घेतली, सगळा कळप डोंगराखाली हाकलला आणि ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात नेऊन घातला. श्रीमंत मागून चालत आला. शेळ्या सोडवून नेताना गावासमोर त्याला दंडाची पावती घ्यावी लागली.

त्या दिवसापासून भिंतीवरून वाटी यायची बंद झाली. पावसाळ्याच्या तोंडाशी श्रीमंतने निम्म्याहून जास्त शेळ्या विकल्या. आरती ओट्यावर यायची थांबली. एकदा पाण्याच्या टाकीवर ती भेटली तर इकडेतिकडे बघून म्हणाली, "काका, बाबा रागावत्यात." सहादेव म्हणाला, "जा बाळ, जा."

पुढच्या वर्षी, टाळेबंदी लागायच्या महिनाभर आधी, तिचं लग्न झालं. मांडव दोन्ही घरांच्या समोर पसरला होता, कारण अंगण एकच. गावात घरोघर पत्रिका गेली. सहादेवच्या दाराला कुणी हळद-कुंकू लावलं नाही की अक्षत ठेवली नाही. कल्याण आणि पूजा तेव्हा फडावर होते. लग्नाच्या दिवशी सहादेव पहाटेच भाकरी बांधून डोंगरावर गेला. सातव्या चौकोनापासून मांडव दिसतो. दुपारी कर्ण्यावरून मंगलाष्टका ऐकू यायला लागल्या. वारं फिरलं की आवाज तुटायचा, मग परत यायचा. शेवटच्या 'सावधान'ला तो नकळत उठून उभा राहिला. खाली ताशा वाजला, लोक जेवायच्या पंगतीकडे सरकले, तेव्हा आपण उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने खाली बसून भाकरी सोडली, पण ती तशीच परत बांधून ठेवली.

टाळेबंदीत कल्याण आणि पूजा तीन आठवडे फडावर अडकले आणि सरकारी गाडीने परत आले. कल्याणने तेव्हाच मनाशी ठरवलं असावं. पुढच्या हंगामात तो ऊसतोडीला गेला नाही. शिर्डीत एका हॉटेलवर त्याला काम लागलं आणि पूजा फुलांच्या दुकानात हार ओवायला जायला लागली. त्यांनी खोली घेतली, मुलांना तिथल्या शाळेत घातलं. आता दिवाळी-पाडव्याशिवाय गावी यायचं त्यांना कारण उरलं नाही.

त्याच वर्षी, दोन हजार वीसच्या डिसेंबरात, सहादेवने नेहमीसारखा वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एकच खूण उमटली. त्याने रात्रीपर्यंत वाट पाहिली, सकाळी पाहिलं. एकच. आठ दिवसांनी त्याने पंकजाला फोन लावला.

"काका, त्यांच्या भागात लढाई सुरू झालीये," पंकजा म्हणाली. "तिकडचे सगळे फोन बंद आहेत. इंटरनेट पण. आमच्या ऑफिसलाही काही कळत नाहीये."

"म्हंजी बाई..."

"माहीत नाही, काका."

मार्चात प्रकल्पाची मुदत संपली. पंकजा जीप घेऊन सामान न्यायला आली. प्रकल्पाची पाटी काढली, पाऊस मोजायचं यंत्र घेतलं, टेप मोजून घेतली. तिलाही पुण्यात दुसरी नोकरी लागली होती. ओट्यावर बसून तिने चहा घेतला आणि म्हणाली, "आता तुम्ही मोजलं नाही तरी चालेल, काका. पुढे कुणी मागणार नाही."

"कुनाला चालंल?" सहादेवने विचारलं.

त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. पंकजाने कप खाली ठेवला. मग पिशवीतून टेप काढून तिने ओट्यावर ठेवली आणि यादीत 'हरवली' असं लिहिलं.

तिथून पुढची दोन वर्षं कशी गेली, हे सहादेवला विचारलं तर तो वही दाखवतो. त्याच्यापाशी दुसरं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी म्हशीचं करायचं, डोंगरावर जायचं, फेरी मारायची, दिवस मावळायला उतरायचं. पगार थांबला होता. राखणीसाठी नेमलेली समिती कागदावरच होती. गावातल्या काहींना वाटायचं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, काहींना वाटायचं की त्याला गुपचूप काहीतरी मिळतंय. एक तारखेला तो दहा चौकोन मोजायचा, फोटो काढायचा, पाठवायचा. एक खूण. मोबाईलच्या पडद्यावर खाली खाली पानांची रांग लागत गेली, प्रत्येकापुढे एक खूण. एखाद्या महिन्यात नुसतं पान पाठवायला त्याला कसंतरी वाटायचं, मग तो डोंगराचाही एक फोटो पाठवायचा. पळस फुलल्याचा, तरसाच्या पावलांचा. तित्तराची अंडी सापडली तेव्हा अंड्यांचा.

कल्याण एकदा येऊन त्याला शिर्डीला घेऊन गेला. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. नातवंडं शाळेत, दोघं कामावर. सहादेव गॅलरीत बसून खालचे रिक्षावाले मोजायचा. देवळात गेला, रांगेत उभा राहिला, दर्शन घेतलं. अकराव्या दिवशी म्हणाला, "एक तारीख आली रं."

"दादा, तिथं हाय तरी कोन तुमचं?" कल्याणने विचारलं.

सहादेव पिशवी भरत राहिला. कल्याणनेच त्याला गाडीत बसवून दिलं आणि खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

दोन हजार बावीसच्या एप्रिलात वणवा लागला. दुपारचे दोन वाजले असतील. सहादेव नवव्या चौकोनाजवळच्या सावलीत होता. खालच्या अंगाला, बांध पेटवला होता कुणीतरी, तिथून धूर डोंगराला चढताना दिसला. पवन्या गवत छातीएवढं वाढलेलं, वाळलेलं. त्याने सरपंचाला फोन लावला, लागला नाही. वनखात्याच्या माणसाला लावला, तो म्हणाला निघतो. सहादेवने निंबाची हिरवी फांदी तोडली आणि धावत सुटला.

एकट्याने वणवा विझत नाही. तो झोडपत होता आणि आग त्याच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती. डोळ्यांत धूर, धोतराला ठिणग्या. तेवढ्यात शेजारून दुसऱ्या फांदीचा सपसप आवाज यायला लागला. त्याने वळून पाहिलं. श्रीमंत होता.

"वारं खालून हाय," श्रीमंत म्हणाला. "वर जाऊ नको. हितं पट्टा कापू."

तीन वर्षांत तो पहिल्यांदा बोलला होता. दोघांनी मिळून गवत उपसून वाटेएवढा पट्टा मोकळा केला. मागाहून दगडाबाई आली, गावातली आठ-दहा माणसं आली, खात्याची गाडी आली. पाच वाजता आग थांबली. चार चौकोन जळाले, सहा वाचले. सहादेव राखेत बसून राहिला. श्रीमंतने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला आणि फांदी टाकून निघून गेला. सहादेवला वाटलं, आता संध्याकाळी भिंतीवरून काहीतरी आवाज येईल. तो दार उघडं टाकून बसला. पलीकडे भांडी वाजली, टीव्ही लागला, बंद झाला.

पावसाळ्यात जळालेल्या चौकोनांतल्या खुंटांना परत धुमारे आले. त्याने पाठवलेल्या पानावर तसं लिहिलं. एक खूण.

पुढच्या जानेवारीत, दोन तारखेला सकाळी, म्हशीला पाणी दाखवून त्याने मोबाईल उघडला तर आदल्या दिवशीच्या पानापुढे दोन खुणा होत्या. त्याने चष्मा पुसून परत पाहिलं. वरच्या पानांकडे गेला. तिथे दोन वर्षांच्या सगळ्या पानांपुढे एकेकच होती. त्या दिवशी तो डोंगरावर गेला नाही. पाच दिवस काही आलं नाही. सहाव्या दिवशी हिरवं पान आलं, आणि पाठोपाठ इंग्रजीत बराच मजकूर.

तो थेट शाळेत गेला. निकिता मॅडम, गावच्या शाळेवर नव्यानेच आलेल्या, मुलांना पाढे देऊन बाहेर आल्या. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी वाचलं, आधी मनात, मग मोठ्याने.

"त्या म्हणतात, मी जिवंत आहे. माझे यजमान वारले, लढाईत नाही, औषध मिळालं नाही म्हणून. आम्ही दोन वर्षं दुसऱ्या गावी होतो. परत आले तर ऑफिस लुटलेलं, सगळ्या वह्या जळालेल्या. आणि..." मॅडम थांबल्या. "आमचा डोंगर तोडला गेला. तेल नव्हतं, गॅस नव्हता, बाहेरून काहीच येत नव्हतं. लोकांनी चुलीसाठी तोडला. मी त्यांना दोष देत नाही. तुमचं एकच पान मिळालं, जानेवारीचं. आधीची पानं कुठे आहेत?"

"पाठीवली की," सहादेव म्हणाला. "दर महिन्याला पाठीवली."

निकिता मॅडमनी मोबाईल पाहिला. ती लांबच लांब रांग वर सरकवत गेल्या. "काका, फोन बंद असला तर मेसेज महिनाभरच थांबतो. मग आपोआप पुसला जातो. हे त्यांना कधीच मिळणार नाहीत."

सहादेव व्हरांड्याच्या पायरीवर बसला. पळसाचा फोटो, तित्तराची अंडी, सगळंच कुठेही न पोचता विरलं होतं. आत मुलं सातचा पाढा म्हणत होती. मग तो म्हणाला, "वही हाय ना पर माज्याकडं. समदी हाय. पयल्या महिन्यापास्नं."

पुढचे तीन शनिवार, अर्धी शाळा सुटल्यावर, निकिता मॅडमनी वहीचं एकेक पान उजेडात धरून फोटो काढला आणि पाठवला. पाचेक वर्षांची पानं. जळालेले चौकोन, वाचलेले चौकोन, शेळ्यांनी खाल्लेला चौथा. मीराताईचं उत्तर आलं की तिच्या गावचे लोक थकले आहेत, परत पाच वर्षं थांबा असं कुणाला सांगावंसं वाटत नाही. पण आकडे बघून काही जण डोंगर बंद करायला तयार झाले आहेत. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.

हे जमून यायला पावणेदोन वर्षं लागली. युरोपातल्या त्याच देशाने पुन्हा हात पुढे केला, पुण्याहून पंकजाला बोलावून घेतलं गेलं, आणि दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात, टोळ्या निघायच्या थोडं आधी, मीराताईच्या गावची पाच माणसं बोरतळ्याला आली. सहादेवने दाढी केली होती, नवं धोतर नेसलं होतं. जीपमधून एकेक जण उतरला. मीराताई त्यात नव्हती. तिच्या गुडघ्यांनी इतका प्रवास झेपत नव्हता, पुतण्याला पाठवलं होतं. सहादेव जीपच्या उघड्या दाराकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, मग पुढे होऊन त्याने पुतण्याचे दोन्ही हात हातात घेतले.

डोंगरावर धावडा आता माणसाच्या दुप्पट उंच होता. अर्धं गाव मागून आलं होतं. सहादेव सकाळपासून बोलत होता, प्रत्येक चौकोनापाशी थांबून, खुंटाला हात लावून. पंकजाला इंग्रजीत सांगायला उसंत मिळत नव्हती. चौथ्या चौकोनापाशी पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "सगळं गाव लगेच तयार झालं होतं का? कुणाचं नुकसान नाही झालं?"

पंकजाने ते मराठीत सांगितलं. सरपंच पुढे सरकले, म्हणाले, "सगळं गाव एकदिलानं..." सहादेवने मध्येच हात वर केला.

"न्हाई," तो म्हणाला. "माज्या भावाचं नुकसान झालं. चाळीस शेळ्या हुत्या त्याच्या. दुष्काळात म्या त्या कोंडवाड्यात घातल्या. त्याला इकाव्या लागल्या, बारा ऱ्हायल्या. माजं चुकलं असं म्या म्हनत न्हाई, पर त्याचंबी चुकलं नव्हतं. आमी बोलत न्हाई आता. हे बी सांग त्यांस्नी, पंकजा. त्यांच्याकडं बी कुनाचं तरी असंच हुनार. आधी त्याचं बघा म्हनावं."

पंकजाने सांगितलं. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान हलवली. मागच्या रांगेत, टोपी काखेत धरून उभा असलेला श्रीमंत खाकरला.

"बारा न्हाई," तो म्हणाला. "चौदा."

"चौदा," सहादेव म्हणाला. पंकजाने तो आकडाही इंग्रजीत सांगितला.

एवढंच झालं. पंगतीला श्रीमंत लांबच बसला आणि जेवून निघून गेला. पाहुण्यांनी दुपारभर वहीतले आकडे त्यांच्या वहीत उतरवून घेतले. पुतण्याने मोबाईलवर मीराताईला व्हिडिओ कॉल लावला. ती थकलेली दिसत होती, केस सगळे पांढरे झाले होते. ती काहीतरी म्हणाली, सहादेव काहीतरी म्हणाला, आणि पंकजाने मध्ये पडायचं टाळलं. दिवस कलताना जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत सहादेव फाट्यावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणचा फोन आला. कसं झालं, किती माणसं होती, त्याने विचारलं. सहादेवच्या तोंडून आवाजच फुटेना. नुसती घरघर.

"दादा, बरं न्हाई का? सर्दी झाली का?"

सहादेव तांब्यातलं पाणी प्यायला, दोनदा खाकरून त्याने घसा मोकळा केला.

"न्हाई रं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "काल लई बोललो. सवय न्हाई."